ओरडणारं स्टिअरिंग आणि गप्प बसणारं स्टिअरिंग

अमेरिकेत आलेल्या मराठी माणसाच्या गाड्यांचा एक ठरलेला क्रम असतो. आधी भारतात परत जाणाऱ्या कुणा मित्राकडून घेतलेली जुनी करोला किंवा सिव्हिक. मग ग्रीन कार्डाची फाइल जरा पुढे सरकली की नवी कोरी सेडान. आणि मग एक दिवस घरात पाळणा हलणार असतो, आई-बाबांचा व्हिसा आलेला असतो, चार अवजड बॅगा आणि लोणच्याच्या बरण्या न्यूअर्कला उतरणार असतात, आणि हिशोब केल्यावर लक्षात येतं की आता मिनीव्हॅनशिवाय गत्यंतर नाही. नवीची किंमत ऐकून घाम फुटतो. म्हणून मग जुनी. दहा-पंधरा वर्षांची, लाख-सव्वा लाख मैल धावलेली.

अशी गाडी बघायला गेल्यावर आपण काय बघतो? सरकते दरवाजे नीट सरकतात का, एसी गार करतो का, सीटवर डाग किती आहेत. स्टिअरिंगकडे लक्ष जातं ते गाडी पार्किंगमधून बाहेर काढताना, बॉनेटखालून "कुंईंईं" असा आवाज आला तरच. आवाज आला की आपण घाबरतो. नाही आला की "स्टिअरिंग एकदम लोण्यासारखं आहे" असं म्हणून चेक फाडतो.

मी पोटासाठी कोड लिहितो आणि शनिवारी हौस म्हणून गाड्यांखाली शिरतो. तर मंडळी, आजच्या शनिवारचा विषय हाच. आणि माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे ते इथूनच कटू शकतात :) जुन्या मिनीव्हॅनच्या स्टिअरिंगच्या तक्रारी दोन जातींच्या असतात. एक जात खूप आवाज करते, खिसा कापते, पण सहसा जीव घेत नाही. दुसरी जात गप्प असते, दुरुस्तीला स्वस्त असते, आणि तीच घात करते. असं का, याचं उत्तर इतिहासात आहे. कारण तुमच्या हातातलं स्टिअरिंग ही एक वस्तू नाहीच. शंभरेक वर्षांच्या अंतराने लागलेले दोन शोध एकमेकांवर बसवलेले आहेत. आमच्या भाषेत सांगायचं तर जुना लेगसी कोड, आणि त्यावर नंतर चढवलेला एक लेयर.

आधी जुना भाग.

मुंबईतली जुनी व्हिक्टोरिया आठवते? घोडागाडीचा पुढचा अख्खा आस मधल्या एका खिळ्याभोवती फिरायचा. वळताना दोन्ही चाकं आसासकट वळायची. घोडा सावकाश चालतोय तोवर हे ठीक, पण जोरात वळलं की पुढचा आधार एका बाजूला अरुंद होतो आणि गाडी कलंडायला बघते. यावर तोडगा असा की आस जागेवरच ठेवायचा आणि फक्त त्याच्या टोकाची दोन चाकं वळवायची. पण इथे एक मेख आहे. गाडी डावीकडे वळताना डावं चाक लहान वर्तुळात फिरतं, उजवं मोठ्या. म्हणजे आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळायला हवं. दोन्ही सारखीच वळवली तर एक चाक फरफटत जाणार.

चार्ल्स डार्विनचे आजोबा इरॅस्मस डार्विन यांनी अठराव्या शतकातच याचा विचार करून ठेवला होता. पण नाव लागलं तिसऱ्याच माणसाचं. म्युनिकचा घोडागाड्या बनवणारा गेऑर्ग लांकेन्सपर्गर याने ही रचना बसवली, आणि लंडनमधला त्याचा एजंट रुडॉल्फ आकरमान याने १८१८ साली इंग्लंडमध्ये तिचं पेटंट घेतलं. हे आकरमानसाहेब मुळात चित्रांचे आणि पुस्तकांचे प्रकाशक! आजही जगभरातली इंजिनिअरिंगची मुलं जी "आकरमान जॉमेट्री" पाठ करतात ती या प्रकाशकाच्या नावाची. लांकेन्सपर्गर बिचारा परीक्षेत कुठेच येत नाही. (कमिट एकाचं आणि नाव दुसऱ्याचं, हा प्रकार आपल्याकडे नवा नाही.)

रचना मात्र सुरेख आहे. दोन्ही चाकांच्या खुंट्यांपासून एक एक दांडी निघते, त्या दोन दांड्या एका आडव्या सळईने जोडलेल्या. दांड्या किंचित तिरक्या, त्यामुळे चौकोनाऐवजी समलंब तयार होतो. सळई सरकवली की भूमिती आपोआप आतल्या चाकाला जास्त वळवते. बुद्धी लागत नाही, वीज लागत नाही. आजच्या मिनीव्हॅनच्या पोटाखाली जाऊन बघा, त्याच सळईचे वंशज दिसतील. त्यांना आता टाय रॉड म्हणतात.

गंमत म्हणजे मोटारगाडी जन्माला आली तेव्हा ही युक्ती उपलब्ध असूनही कार्ल बेंझने १८८६ मध्ये ती वापरली नाही. त्याला चार चाकांचं वळणं मनासारखं जमत नव्हतं, म्हणून त्याने सरळ पुढे एकच चाक लावलं. म्हणजे जगातली पहिली मोटार ही तत्त्वतः आपली रिक्षाच! पुण्यात रिक्षावाले जागच्या जागी जे यू-टर्न मारतात त्यामागे हेच एक चाक आहे. बेंझने चार चाकांच्या स्टिअरिंगचं स्वतःचं पेटंट घेतलं ते १८९३ मध्ये. तोवर हातात गोल चाक नव्हतं, नावेच्या सुकाणूसारखा दांडा असायचा. १८९४ च्या पॅरिस ते रुआँ शर्यतीत आल्फ्रेड व्हाशरों याने आपल्या पानारला गोल चाक लावलं, आणि पुढच्या काही वर्षांत दांडा हळूहळू गेला.

हे चाक फिरवल्यावर सळई सरकवायची कशी, याची बरीच उत्तरं होऊन गेली. त्यातलं जे टिकलं ते सगळ्यात सोपं: स्टिअरिंगच्या दांड्याच्या टोकाला छोटं दातेरी चाक, आणि ते एका दातेरी पट्टीवर फिरणार. चाक फिरलं की पट्टी डावी-उजवी. रॅक आणि पिनियन. युरोपातल्या छोट्या गाड्यांत हे आधीपासून रुळलं होतं. १९४८ ची मॉरिस मायनर तिच्या नेमक्या स्टिअरिंगसाठीच नावाजली गेली. अमेरिकन कंपन्या आपल्या बोटीएवढ्या गाड्यांना वेगळीच, जास्त फेऱ्या घेणारी पेटी लावत राहिल्या. रॅक त्यांच्याकडे खऱ्या अर्थाने आली ती सत्तरच्या दशकात, छोट्या गाड्या करायची वेळ आली तेव्हा.

हा झाला पहिला थर. चाक, दांडा, रॅक, टाय रॉड, सांधे, खुंट्या. सगळं लोखंड लोखंडाला जोडलेलं. यातलं काहीही तुटलं तर हातातलं स्टिअरिंग आणि रस्त्यावरचं चाक यांचं नातंच संपलं. सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर. बॅकअप नाही.

आता दुसरा थर. आणि त्यासाठी फ्रान्सिस डेव्हिस नावाच्या माणसाला भेटायला हवं.

डेव्हिस पिअर्स-अॅरो कंपनीच्या ट्रक विभागात इंजिनिअर होता. त्या काळचे ट्रक वळवणं म्हणजे आखाड्यातली कुस्ती होती. खड्ड्यात चाक गेलं की स्टिअरिंग हातातून हिसकावलं जायचं. डेव्हिसने १९२२ मध्ये नोकरी सोडली, मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्थम गावात छोटं वर्कशॉप भाड्याने घेतलं, आणि जॉर्ज जेसप या साथीदाराबरोबर तेलाच्या दाबाने स्टिअरिंगला मदत करायच्या मागे लागला. (गॅरेज स्टार्टअप! सिलिकॉन व्हॅलीच्या कितीतरी आधी.)

दाबाने मदत करण्याची कल्पना नवी नव्हती. अडचण होती ती दाब सांभाळायची. तेल सतत प्रचंड दाबाखाली कोंडून ठेवलं तर ते कुठून ना कुठून गळतंच. डेव्हिसची खरी हुशारी इथे आहे. त्याने झडप उघडीच ठेवली. बागेतला पाण्याचा पाइप डोळ्यासमोर आणा. नळ चालू आहे, पाणी मोकळं वाहतंय, दाब जवळपास नाही. पाइपच्या तोंडावर अंगठा दाबला की दाब चढतो. डेव्हिसच्या रचनेत पंप तेल गोल गोल फिरवत राहतो. गाडी सरळ चालली आहे तोवर तेल नुसतंच वाहतं. तुम्ही स्टिअरिंग फिरवायला लागलात की झडप एका बाजूची वाट आवळते, दाब चढतो, आणि तो दाब चाकांना त्या बाजूला ढकलतो. हात थांबला की दाब उतरला.

नंतरच्या गाड्यांत या झडपेच्या पोटात एक बारीक पोलादी सळई आली. स्टिअरिंग फिरवलं की ती काही अंश पिळली जाते, आणि त्या पिळानेच झडपेच्या वाटा उघड-बंद होतात. आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. पंप मेला, पट्टा तुटला, तेल सगळं सांडलं, तरी ती सळई थोडी जास्त पिळली जाते, मग खाच खाचेला टेकते, आणि तुमचा हात थेट पिनियन फिरवतो. स्टिअरिंग दगडासारखं जड होतं, पण गाडी वळते. म्हणजे वरचा लेयर क्रॅश झाला तरी खालचा चालू राहतो. ग्रेसफुल डिग्रेडेशनचं याहून चांगलं उदाहरण मला आमच्या धंद्यात फारसं दिसलेलं नाही.

डेव्हिसने १९२६ मध्ये आपली पिअर्स-अॅरो तयार केली आणि डेट्रॉइटला नेऊन दाखवली. जनरल मोटर्सने करार केला, कॅडिलॅकसाठी कामही सुरू झालं. मग आली मंदी. एवढ्या महाग उपकरणाला गिऱ्हाईक कुठून मिळणार, म्हणून १९३४ मध्ये जनरल मोटर्सने हात काढून घेतला. १९३६ मध्ये बेंडिक्स कंपनी पुढे आली, पण मोटार कंपन्या तयार नव्हत्या. खरा उपयोग झाला दुसऱ्या महायुद्धात, चिलखती गाड्यांसारख्या अवजड धुडांना वळवताना. आणि शेवटी १९५१ मध्ये क्रायस्लरने आपल्या इम्पीरियलमध्ये "हायड्रागाइड" या नावाने पॉवर स्टिअरिंग आणलं. ते बेतलेलं होतं डेव्हिसच्या पेटंटांवरच, पण ती पेटंटं तोवर मुदत संपून मोकळी झाली होती. पंचवीस वर्षं! दुसऱ्याच वर्षी जनरल मोटर्सनेही कॅडिलॅकवर पॉवर स्टिअरिंग दिलं, म्हणजे स्वतःच कपाटात टाकलेली फाइल पुन्हा काढली.

त्यानंतर अमेरिकेत पॉवर स्टिअरिंग इतकं पसरलं की त्याशिवाय गाडी ही कल्पनाच उरली नाही. आणि मग आली मिनीव्हॅन.

मिनीव्हॅनची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असेल. फोर्डमध्ये हॅल स्पर्लिक आणि ली आयाकोका यांनी ही कल्पना मांडली होती, हेन्री फोर्ड दुसरे यांना ती पटली नाही. आधी स्पर्लिकला आणि मग १९७८ मध्ये आयाकोकाला फोर्डमधून काढलं. दोघंही क्रायस्लरमध्ये गेले, जी तेव्हा बुडायच्या बेतात होती. सरकारने दीड अब्ज डॉलरच्या कर्जाला हमी दिली आणि कंपनी तरली. नोव्हेंबर १९८३ मध्ये कॅनडातल्या विंडसर इथल्या कारखान्यातून पहिली मिनीव्हॅन बाहेर पडली. डॉज कॅरव्हॅन आणि प्लिमथ व्हॉयेजर. पहिल्याच वर्षी दोन लाखांवर खपली. घराच्या गॅरेजात मावते, आत सात माणसं बसतात, आणि चालवायला कारसारखी वाटते, हे तिचं वैशिष्ट्य.

कारसारखी वाटते, कारण ती आतून कारच होती. पुढची चाकं ओढणारी, इंजिन आडवं. मागे सपाट जमीन मिळावी म्हणून सगळी यंत्रं पुढे कोंबलेली. म्हणजे इंजिन, गिअरबॉक्स, रॅक, सगळ्यांचं वजन पुढच्या दोन चाकांवर, आणि तीच चाकं ओढणार, तीच वळणार, ब्रेकचा मोठा वाटाही तीच उचलणार. ऑफिसात एक माणूस चांगलं काम करतो म्हणून सगळंच त्याच्या गळ्यात टाकतात ना, तसं.

योगायोग बघा. त्याच सुमारास, १९८४ मध्ये, आपल्याकडे मारुती व्हॅन आली, जी पुढे ओम्नी म्हणून २०१९ पर्यंत बनत राहिली. तिची मांडणी बरोबर उलटी. इंजिन पुढच्या सीटखाली, ओढणारी चाकं मागची, आणि सगळी गाडी मिळून वजन आठशे किलोच्या आतबाहेर. पॉवर स्टिअरिंगची गरजच नव्हती. कॅरव्हॅन पहिल्या वर्षी साधारण ३००० पाउंड, म्हणजे साडेतेराशे किलो होती, आणि २००० च्या दशकातल्या मिनीव्हॅन ४३०० पाउंडांच्या पुढे गेल्या, जवळपास दोन टन. त्यात सात माणसं आणि कॉस्टकोची खरेदी. डेव्हिसच्या पंपाशिवाय हे धूड पार्क करणं अशक्य नाही, पण दंड चांगले भरून येतील.

आता या वजनाचे परिणाम बघू. आधी ओरडणारी जात.

सगळ्यात प्रसिद्ध तक्रार म्हणजे तो "कुंईंईं". सावकाश वळताना, विशेषतः सकाळी, पंप रडतो. नव्वद टक्के लोक म्हणतात पंप गेला. अनेकदा पंप ठणठणीत असतो, त्याला तेल मिळत नसतं किंवा तेलाबरोबर हवा मिळत असते. २००० च्या दशकातल्या होंडा ओडिसीत पंपाच्या तेल घेणाऱ्या तोंडाशी असलेली रबरी ओ-रिंग वयाने कडक होते आणि तिथून हवा शिरते, हे मेकॅनिक मंडळींना पाठ आहे. तेलाच्या डब्यात फेस दिसला तर समजायचं. इलाज काही डॉलरचा. हां, तेल मात्र मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच. होंडा स्वतःचं तेल मागते, त्या काळातल्या कितीतरी क्रायस्लर गिअरबॉक्सचं एटीएफ प्लस फोर मागतात. "सब गाडी में चलता है" हे वाक्य इथे चालत नाही.

दुसरी तक्रार, स्टिअरिंग पूर्ण वळवून धरलं की किंचाळी. तेव्हा वाट पूर्ण आवळलेली असते आणि पंप आपल्या कमाल दाबाने ढकलत असतो. टायरमध्ये आपण ३०-३५ पीएसआय हवा भरतो, इथे आकडा हजाराच्या वर असतो. ढिला पट्टा तिथे घसरतो आणि किंचाळतो. पट्टा बदला, आणि स्टिअरिंग शेवटच्या टोकाला चार-पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरायची सवय सोडा. तेल उकळतं उगाच.

तिसरी, गळती. रॅकच्या दोन्ही टोकांना रबरी भाते असतात. आतली सील गेली की तेल आधी भात्यात साठतं, जमिनीवर डाग पडतो तो फार नंतर. म्हणून खाली डाग नाही म्हणजे गळती नाही असं नव्हे, भाता दाबून बघायचा.

चौथी तक्रार ऐतिहासिक आहे, तिला अमेरिकेत "मॉर्निंग सिकनेस" असंच नाव पडलं. १९८० च्या दशकातल्या जनरल मोटर्सच्या, पुढची चाकं ओढणाऱ्या बऱ्याच गाड्यांचं स्टिअरिंग थंडीत सकाळी जड व्हायचं, बहुतेक एकाच बाजूला, आणि गाडी तापली की आपोआप बरं. कारण झडपेवरच्या टेफ्लॉनच्या कड्या आणि बाहेरचं अॅल्युमिनियमचं घर. कड्या फिरून फिरून मऊ अॅल्युमिनियममध्ये चर पाडायच्या. थंडीत कडक कडी त्या चरात नीट बसायची नाही, तेल बाजूने निसटायचं. तापल्यावर कडी फुगून बसायची. शोरूमला गाडी नेईपर्यंत ती गरम झालेली, म्हणजे दोष गायब! ज्यांनी "माझ्या मशीनवर तर चालतंय" हे वाक्य ऐकलंय त्यांना त्या ग्राहकांचं दुःख कळेल.

या चारही तक्रारी दुसऱ्या थरातल्या. डेव्हिसच्या थरातल्या. आता पहिल्या, आकरमानच्या थरातल्या. त्या गप्प असतात.

टाय रॉडच्या टोकाला गोळीचा सांधा असतो. आपल्या खांद्यासारखा, वाटीत गोळी, आत ग्रीस, वर रबरी टोपी. टोपी फाटली की ग्रीस जातं आणि न्यू जर्सीच्या हिवाळ्यातलं मिठाचं पाणी आत येतं. सांधा झिजत जातो. दोन टनांचं वजन, खड्डे, आणि पुढच्याच चाकांवर सगळा भार. लक्षणं काय? हायवेवर गाडी किंचित भटकते, सारखं थोडं थोडं सावरावं लागतं. टायरची आतली कड जास्त घासते. आवाज? बऱ्याचदा काहीच नाही. आणि गंमत अशी की पॉवर स्टिअरिंग जितकं चांगलं, तितकं हे हाताला कमी कळतं. डेव्हिसचा थर आकरमानच्या थराचा त्रास झाकून टाकतो. सांधा पूर्ण सुटला तर एक चाक आपल्या मर्जीने वळतं. तिथे ग्रेसफुल वगैरे काही नाही.

मागच्या वर्षी आमच्या टीममधल्या एका मुलासाठी दोन गाड्या बघायला गेलो होतो. जूनमध्ये बाळ होणार, त्याआधी आई-बाबा येणार, बजेट पाच हजारांच्या आत. पहिली गाडी वळताना चांगलीच रडली. तो म्हणाला, "दादा, ही नकोच. ती कालची बघा, तिचं स्टिअरिंग एकदम लोणी आहे." म्हटलं, "अरे, लोण्याच्या खाली काय आहे ते बघू तरी." रडणारीच्या डब्यात तेल खाली गेलेलं आणि फेस आलेला, सांधे मात्र घट्ट. लोणीवाली गाडी जॅकवर घेतली, स्टँड लावले, आणि पुढचं चाक घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी धरून हलवलं. टक्, टक्. दोन्ही बाजूंना खेळ. एका बाजूची टोपी फाटून वाळलेली, टायरची आतली कड गुळगुळीत. विकणाऱ्या काकांना यातलं काही ठाऊक नव्हतं, ते बिचारे खरंच म्हणत होते की गाडीने कधी त्रास दिला नाही. गप्प होती ना! मुलाने रडणारी घेतली. टाय रॉड बदलून दुसरीही घेता आली असती, पण ते पैसे आधी किमतीतून कापून घ्यायला हवे होते, आणि काका तयार झाले नाहीत.

न्यू जर्सीत राहणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवा. २०१० च्या ऑगस्टपासून इथे खासगी गाड्यांची यांत्रिक सुरक्षेची सरकारी तपासणी होत नाही, फक्त धुराची होते. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात आणि न्यूयॉर्कमध्ये दरवर्षी सांधे, ब्रेक वगैरे बघतात. म्हणजे आपल्याकडे काचेवरचा स्टिकर ताजा असला तरी त्याचा टाय रॉडशी काडीचा संबंध नाही. ते बघणारं तुमच्याशिवाय कुणी नाही.

बघायचं कसं? गाडी चाकांवरच उभी ठेवा, हँडब्रेक लावा, इंजिन चालू. एकाने आत बसून स्टिअरिंग भराभर थोडं थोडं डावं-उजवं हलवायचं, दुसऱ्याने वाकून सांध्यांकडे बघायचं. दांडा हलतोय पण सांध्याची गोळी आधी नुसतीच डुलतेय आणि चाक उशिरा हलतंय, असं दिसलं की खेळ आहे. मग जॅकवर चाक उचलून तीन-नऊला हलवा. तिथे खेळ म्हणजे बहुतेक टाय रॉड. बारा-सहाला खेळ म्हणजे खालचा बॉल जॉइंट किंवा चाकाचं बेअरिंग. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका, स्टँड लावा. टाय रॉड बदलल्यावर अलाइनमेंट करावीच लागते, तो खर्च धरून चला. आणि फक्त साठ मैलांच्या पुढे स्टिअरिंग थरथरत असेल तर आधी टायरचं बॅलन्सिंग. उगाच रॅक बदलायला काढू नका.

मदत जाणं अगदीच निरुपद्रवी असतं असं मात्र समजू नका. २०१४ मध्ये जनरल मोटर्सने सदोष इग्निशन स्विचमुळे सव्वीस लाख छोट्या गाड्या परत बोलावल्या. जड कीचेनमुळे किंवा धक्क्याने किल्ली सरकायची, चालत्या गाडीचं इंजिन बंद पडायचं, स्टिअरिंगची आणि ब्रेकची मदत जायची, आणि एअरबॅगही उघडायच्या नाहीत. कंपनीच्या भरपाई निधीने १२४ मृत्यू मान्य केले. स्टिअरिंग त्याही गाड्यांत वळत होतं, पण अचानक जड झालेलं स्टिअरिंग वळवण्यासाठी जे दोन क्षण लागतात ते प्रत्येकाला मिळत नाहीत. म्हणून पंप रडत असेल तर वर्षभर रडत ठेवू नका. आणि एकदा रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये घरात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला हे कानावर घालून ठेवा: मदत गेली तरी गाडी वळते, दोन्ही हातांनी जोर लाव.

आता तेलाचा जमाना संपत आलाय. १९८८ मध्ये सुझुकीने आपल्या छोट्या सर्वोमध्ये इलेक्ट्रिक मोटरची मदत दिली, आणि पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत ती जवळपास सगळीकडे पोचली. २०११ ची टोयोटा सिएना घेतलीत तर त्यात पंप, तेल, पट्टा, रडणं काहीच नाही. पण टाय रॉड तेच, आणि मोटर बंद पडली तरी लोखंडाचा जोड तोच. त्या जोडालाही आता हात लागलाय. २०१३ च्या इन्फिनिटी क्यू-फिफ्टीत स्टिअरिंग तारेवरून जायचं, पण अडीअडचणीला लोखंडी जोड राखून ठेवला होता. २०२३ मध्ये आलेल्या टेस्ला सायबरट्रकमध्ये तो जोडच नाही. बॅकअप म्हणून जास्तीच्या मोटर आणि जास्तीचं सॉफ्टवेअर. मी स्वतः सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे यावर माझं मत काय असेल ते ओळखा :)

असो. जुनी मिनीव्हॅन बघायला जाल तेव्हा ती ओरडली तर ऐकून घ्या, तेल बघा, पट्टा बघा, भाव पाडा. आणि अजिबात ओरडली नाही तर जुने कपडे घालून जा, कारण गाडीखाली शिरावं लागणार आहे.

ता. क. दोन्ही बाजूंचे टाय रॉड एकदम बदला. एक गेला असेल तर दुसराही तेवढेच मैल चाललेला असतो.